बेस शिकताय? कॉलेजच्या वैयक्तिक तासाला या चुका टाळा

कॉलेजात बेस गिटार शिकायला येणारी बहुतेक मुलं-मुली बँडमधून आलेली असतात. दोन-तीन वर्षं मित्रमैत्रिणींबरोबर वाजवलेलं असतं, पंधरा-वीस गाणी हातात बसलेली असतात, स्टेजची भीती केव्हाच गेलेली असते. आणि मग आठवड्यातून एकदा एक छोटी खोली, एक अ‍ॅम्प आणि समोर शिक्षक. ड्रम्स नाहीत, गिटार नाही, गाणारं कुणी नाही. बँडमध्ये जे सहज खपून जात होतं, ते इथे पहिल्या पाच मिनिटांत स्वच्छ ऐकू येतं.

मी चार वर्षं अशा खोलीत विद्यार्थी म्हणून बसलो आणि त्यानंतर बरीच वर्षं समोरच्या खुर्चीत. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसली. जे तासालाही लपायला बघतात ते सहामाहीमागून सहामाही तिथेच राहतात, आणि जे आपली अडचण हातात घेऊन आत येतात ते झपाट्याने पुढे जातात. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा या लपण्यातूनच होतात.

तासालाच रियाज उरकणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. वैयक्तिक तास म्हणजे आठवड्यातली तीस ते साठ मिनिटं. गेल्या वेळी दिलेला धडा त्यातली वीस मिनिटं पहिल्यांदाच वाजवून बघण्यात गेली, तर शिक्षकांच्या कानाचा उपयोग काय झाला? चुकीचा फ्रेट (वाद्याच्या मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधलं घर) दाबला गेला हे घरीही कळतं. आवाज मध्येच का तुटतो, सूर किंचित उशिरा का पडतो, मनगट नेमकं कुठे आखडतं, हे सांगायला मात्र दुसरं माणूस लागतं.

म्हणून तासाला येताना एक वाक्य तयार ठेवा. ‘धडा जमत नाहीये’ असं मोघम वाक्य उपयोगाचं नाही. ‘पाचव्या बारमध्ये तिसऱ्या फ्रेटवरून सातव्या फ्रेटवर जाताना आधीचा सूर लवकर तुटतो, ७० च्या वर गेलं की प्रत्येक वेळी,’ असं सांगा. (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, ७० म्हणजे मेट्रोनोमच्या मिनिटाला ७० टिका.) एवढं नेमकं सांगितलंत की पहिल्याच मिनिटाला काम सुरू होतं. आणि आठवडाभर वाजवणं झालंच नसेल तर आत शिरताच तसं सांगून टाका. शिक्षकांना ते दोन ओळींत कळतंच. आधी सांगितलंत तर तो वेळ नवीन तुकडा वाचण्यात किंवा नुसता आवाज सुधारण्यात सत्कारणी लागतो.

तास संपल्यावर दहा मिनिटं बाहेर बसून वहीत उतरवून काढा: काय बदलायचं, कोणत्या लयीत, कुठल्या बारपासून कुठल्या बारपर्यंत. शिक्षकांची परवानगी असेल तर तास रेकॉर्डही करा, पण रेकॉर्डिंग आहे म्हणून वही सोडू नका. तासाभराचं रेकॉर्डिंग पुन्हा सबंध ऐकणारा विद्यार्थी मी क्वचितच पाहिला आहे.

सूर लागतो, पण थांबत नाही

बेसवर याबद्दल जितकं बोलावं तितकं कमीच. नव्या विद्यार्थ्याचं सगळं लक्ष सूर सुरू करण्याकडे असतं. तो कधी संपतो, संपल्यावर खरंच शांतता होते का, हे कुणी ऐकतच नाही. बेसची मोकळी ई तार (चार तारांतली सर्वांत जाड; पुढे ए, डी, जी) साधारण ४१ हर्ट्झला वाजते, ए ५५ हर्ट्झला. इतक्या खालच्या सुरांचा उरलासुरला गुंजारव खोलीत पसरून राहतो आणि पुढच्या सुराला गढूळ करतो. शिवाय वरच्या सुराच्या तारेवर वाजवताना खालच्या सुराच्या तारा आपोआप थरथरतात. बँडमध्ये हे ड्रम्सच्या आवाजाखाली झाकलं जातं.

माझ्या पहिल्या सहामाहीतला एक तास अजून डोळ्यांसमोर आहे. मी जी तारेवर एक साधी सुरावट वाजवत होतो. सूर बरोबर, लय बरोबर, तरी काहीतरी मळकट वाटत होतं. माझ्या शिक्षकांनी काही न बोलता हात पुढे केला आणि एक बोट अलगद माझ्या ई तारेवर टेकवलं. त्या क्षणी आवाज असा निवळला की मी वाजवायचाच थांबलो. ती तार मी छेडलेलीसुद्धा नव्हती. मग त्यांनी दुसरं बोट ए तारेवर ठेवलं आणि आवाज आणखी स्वच्छ झाला. त्यानंतरचे तीन आठवडे मी फक्त उजव्या अंगठ्यावर काम केलं.

उपाय असा. ए तारेवर वाजवताना उजवा अंगठा ई तारेवर टेकलेला असू द्या. डी तारेवर गेलात की अंगठा ए तारेवर सरकवा, त्याची कड ई तारेलाही लागू द्या. जी तारेवर असताना अंगठा ई आणि ए दोन्ही दाबून ठेवतो आणि जी तार छेडून आलेलं बोट डी तारेवर विसावतं. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी पट्टीवर) कायमचा रोवून ठेवायची सवय असेल तर ती मोडायला दोन-तीन महिने लागतील. पण मोडाच.

डाव्या हाताची गोष्ट वेगळी. सूर संपवायचा म्हणजे बोट तारेवरून उचलून टाकायचं नसतं. दाब सोडायचा आणि बोटाचा स्पर्श तारेवर ठेवायचा. बोट झटकन उचललंत तर मोकळी तार बोलते. यात एक खाचही आहे. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं तर सूर बंद होण्याऐवजी हार्मोनिक वाजतो, घंटीसारखा. तिथे दोन-तीन बोटं टेकवा, तार गप्प बसते.

तपासायचं कसं? मेट्रोनोम ६० वर लावा. एक मात्रा सूर, एक मात्रा विराम, असं दोन मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा. मग ऐकताना फक्त विरामांकडे कान द्या. तिथे काय काय शिल्लक आहे ते ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

पहिल्याच फ्रेटपासून चार बोटं ताणणं

‘एका फ्रेटला एक बोट’ हा नियम गिटारवरून आलेले विद्यार्थी जसाच्या तसा इथे आणतात. नेहमीच्या बेसवर नटपासून (मानेच्या टोकाच्या खाचपट्टीपासून) ब्रिजपर्यंत (तारांच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूपर्यंत) तारेची लांबी ३४ इंच असते. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून हेच माप सर्वत्र रुळलं. या मापावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ १३ सेंटीमीटर भरतं. साडेपंचवीस इंची गिटारवर तेच दहा सेंटीमीटरच्या आत येतं. लहान हाताच्या मुलीने किंवा मुलाने तिथे करंगळी ओढूनताणून नेली की मनगट वाकतं, अंगठा वाद्याच्या मानेला आवळतो आणि तासाभरात पोटरीसारखा हात भरून येतो.

त्यापेक्षा डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत घ्या, फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ओळखली जाणारी: पहिलं बोट, दुसरं बोट आणि मग तिसरं-चौथं जोडीने. तीन बोटांत तीनच फ्रेट, चौथ्यासाठी सगळा हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या पुढे फ्रेट जवळजवळ येतात, तिथे चारही बोटं सुखाने वापरा. नेमकं कुठे बदल करायचा हे तुमचा हात बघून शिक्षक ठरवतील, म्हणून पहिल्या महिन्यातच विचारून घ्या.

बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या किंचित मागे टेकलं तर निम्म्या दाबात सूर साफ येतो. पट्टा असा बांधा की बसलेले असा की उभे, वाद्य छातीपाशी त्याच उंचीवर राहील. दुखायला लागलं तर थांबा आणि पुढच्या तासाला पहिलं तेच सांगा. दुखणं लपवून वाजवत राहणारे विद्यार्थी पुढे कित्येक आठवडे वाद्याला हात लावू शकले नाहीत, हे मी पाहिलं आहे.

जोर बोटांत, आवाज अ‍ॅम्पमध्ये नाही

वसतिगृहात किंवा घरी अ‍ॅम्पशिवाय वाजवायची सवय लागली की ऐकू यावं म्हणून बोटं आपोआप तार ओढायला लागतात. तोच जोर तासाला येतो, तार फ्रेटवर आपटते, लय वाढली की हात थकतो. हेडफोन अ‍ॅम्प किंवा साधा ऑडिओ इंटरफेस वापरा, आवाज वाढवा, बोटं हलकी करा. फोनच्या स्पीकरवर स्वतःचं रेकॉर्डिंग तपासू नका; एवढासा स्पीकर खालचे सूर नीट वाजवूच शकत नाही, तुम्हाला फक्त बोटांचा खरखराट ऐकू येईल.

उजव्या हाताची दोन बोटं आलटूनपालटून चालवा म्हटलं की कुणीतरी जेम्स जेमरसन यांचं उदाहरण काढतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांचा बेस त्यांनी एकाच तर्जनीने वाजवला, हे खरंच आहे. पण त्यामागे डबल बेसवर घडलेला हात होता. त्यांचा तो सूर मनापासून ऐका, आणि शिकताना दोन्ही बोटं तयार करा.

नोटेशन टाळत राहणं

टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट, हे आकड्यांत लिहिलेलं) वाचून गाणी बसवली असतील तर बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांसाठीचं नोटेशन, परका वाटतो. पण कॉलेजच्या एन्सेम्बलमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या गटात, कागद समोर येतो तो पाच रेषांच्या स्टाफवरचा किंवा नुसत्या कॉर्डच्या नावांचा. सुरुवात चार मोकळ्या तारांनी करा: ई स्टाफच्या खालच्या पहिल्या जादा रेषेवर, ए सर्वांत खालच्या घरात, डी मधल्या रेषेवर, जी सर्वांत वरच्या घरात. लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजतो, तेवढं ध्यानात ठेवा. पियानोवाल्याबरोबर बोलताना गोंधळ होत नाही.

रोज चारच नवीन बार वाचा. आधी टाळ्या वाजवून मात्रा बसवा, मग सूर. सूर चुकला तरी मागे जाऊ नका. बेसने चुकीचा सूर वाजवला तर बँड सावरून घेतो, बेस थांबला तर सगळे थांबतात.

मेट्रोनोमच्या काठीवर चालणं

प्रत्येक मात्रेला टिक वाजत असेल तर लय मेट्रोनोमची असते, तुमची नाही. तुकडा बसला की टिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐका. मग बारमध्ये एकदाच. ८० च्या लयीतला तुकडा २० वर टिक लावून वाजवून बघा. टिक येईपर्यंत तुम्ही घाई करता की रेंगाळता, ते तिथे स्पष्ट कळतं. बरेच जण घाई करतात, विशेषतः विरामानंतर.

दोष हाताचा की वाद्याचा?

महिनाभर स्वतःला दोष देत बसण्याआधी एकदा वाद्य तपासा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझत असेल तर तो बहुधा मानेतला डेड स्पॉट आहे. अनेक बेसवर तो असतो आणि बोटांचा त्यात काही दोष नसतो. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा आणि त्याच जागी तार दाबून सूर वाजवा. ट्यूनरवर दाबलेला सूर चढा दिसला तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) किंचित मागे, म्हणजे मानेपासून दूर, न्यावं लागतं. उतरलेला दिसला तर पुढे. आधी तारा किती जुन्या आहेत ते पाहा, मळलेल्या तारा सुरात लागतच नाहीत. खरखर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर मान फार सरळ झालेली असण्याची शक्यता असते. ट्रस रॉडला (मानेचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला) पहिल्यांदा हात लावाल तो शिक्षकांसमोर किंवा वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे.

परीक्षेचा तुकडा एकट्यानेच तयार करणं

सहामाहीच्या शेवटी परीक्षकांसमोर वाजवायचं असतं, आणि विद्यार्थी शेवटच्या तासापर्यंत तो तुकडा फक्त शिक्षकांसमोर वाजवतात. आयत्या वेळी ड्रमर किंवा पियानोवादक शेजारी आला की सगळं हलतं. निदान दोन आठवडे आधी साथीदाराला वैयक्तिक तासालाच घेऊन या; बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात. त्या दिवशी शिक्षकांना विनंती करा की त्यांनी तुमच्याकडे न बघता डोळे मिटून फक्त ऐकावं, आणि तुमचा सूर ड्रमरच्या किकच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) आधी पडतो की नंतर तेवढंच सांगावं.

आणि काउंट तुम्हीच द्या. तोंड उघडण्याआधी तुकड्याचे पहिले दोन बार मनात वाजवून घ्या, शेवटच्या विरामासकट. ती लय मनात पक्की झाली की मग एक, दोन, तीन, चार.