जुना पलटी नांगर पाडव्याआधी कसा दुरुस्त करावा

ज्वारी-हरभरा निघाला की मराठवाड्यात सगळ्यांना एकदमच नांगरट आठवते. काळं रान तोवर तडकलेलं असतं आणि तालुक्याच्या वर्कशॉपात नांगरांची रांग लागलेली असते. म्हणून जुना पलटी नांगर, म्हणजे खाली-वर फाळांचे दोन संच असलेला आणि तासागणिक उलटा फिरवायचा नांगर, फेब्रुवारीतच बघून घ्यावा. बरेच जण सुरुवात रंगाच्या डब्यापासून करतात. रंग शेवटी लावा, नाही लावला तरी बिघडत नाही. पैसा घालायचा तो जिथं लोखंडाला माती घासते तिथं.

आधी नांगर खाली

नांगर पक्क्या, सपाट जागेवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका. उचललेल्या नांगराखाली निव्वळ हायड्रोलिकच्या भरवशावर हात घालू नये. खाली लाकडी ओंडके द्या. मग माती खरवडून, धुऊन काढा. चिखलाखाली तडा लपतो.

फाळ

नांगर रानात धरत नाही, नुसता वर वर खरडतो, म्हणून लोक त्यावर दगड बांधतात, नाहीतर एखाद्या पोराला उभं करतात. पोराला उभं करणं तर जिवावरचं काम, आणि रोग असतो भलताच. फाळाचं टोक झिजून बोथट झालेलं असतं.

तपासायचं असं: नांगराचा फाळ आणि तासाच्या (नांगराने पडलेल्या चरीच्या) भिंतीला घासत जाणारी बाजूची पट्टी, या दोन्हींच्या खालच्या बाजूला एक सरळ लोखंडी पट्टी धरा. एक टोक फाळाच्या अणीला, दुसरं बाजूच्या पट्टीच्या मागच्या टोकाला टेकवा. मधे, जिथं फाळ आणि बाजूची पट्टी भेटतात, तिथं ३ ते ५ मिलिमीटर फट दिसली पाहिजे, आरपार उजेड यावा. या फटीमुळेच नांगर आपोआप जमिनीत ओढला जातो. उजेड दिसला नाही तर फाळ संपला. बाजूची पट्टीही झिजलेली असेल तर नुसता फाळ बदलून काम अर्धंच होतं. नांगर एका अंगाला पळतो आणि स्टेअरिंग धरून हात भरून येतात.

गाडीच्या जुन्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याचा तुकडा अणीला जोडून घेण्याची आपल्याकडं पद्धत आहे. चालते, पण वेल्डिंग नीट हवं. हे पोलाद कडक असतं; थंड लोखंडावर साधा रॉड ओढला की जोडाच्या कडेला तडा जातो. आधी गॅसने गरम करायला सांगा, लो-हायड्रोजनचा कोरडा रॉड वापरायला सांगा आणि झाल्यावर पाणी ओतू देऊ नका. कोरड्या राखेत किंवा वाळूत हळूहळू निवू द्या. झीज रोखणारा कडक थर द्यायचा तर फाळाच्या एकाच बाजूला द्या. दुसरी बाजू झिजत राहते आणि धार टिकते. वेल्डिंगआधी नांगर ट्रॅक्टरपासून सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट नांगर पलटवणाऱ्या हायड्रोलिक सिलेंडरमधून फिरणार नाही.

बोल्ट

गंजलेल्या बोल्टवर रात्रभर डिझेल सोडून ठेवा, सकाळी सुटतो. फाळाचा बोल्ट चपट्या डोक्याचाच घ्या. डोकं वर राहिलं की तिथं माती अडते. मोंढ्यात मिळेल तो स्वस्त बोल्ट उचलू नका, डोक्यावर ८.८ छापलेलं बघून घ्या. अपवाद एकच: ताण आला की तुटावा म्हणूनच दिलेला शिअर बोल्ट. कंपनीने दिला त्याच जातीचा टाका. तिथं जाड बोल्ट ठोकला तर दगड लागल्यावर बोल्टाऐवजी सांगाडा वाकतो.

सांगाडा आणि पलटी

टेपने प्रत्येक अणीपासून सांगाड्यापर्यंत अंतर मोजा. खालचे दोन्ही फाळ सारखे, वरचेही सारखे यावेत. फरक असेल तर फाळ धरणारा पाय वाकलाय. तो प्रेसवर सरळ करून घ्या. लाल करून ठोकला तर पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढच्या दगडाला परत वाकतो.

नांगर ज्यावर फिरतो त्या पलटीच्या बुशमध्ये खेळ (सैलपणा) आहे का, ते पहारीने हलवून बघा. सिलेंडरच्या दांड्याजवळ तेल झिरपत असेल तर सील किट बदला. होज सोडण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर दोन-तीनदा पुढं-मागं करा, दाब उतरतो. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. ग्रीस निप्पल पुसून मगच ग्रीस भरा.

माती पलटणारा पत्रा गंजला असेल तर ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून चकचकीत करा. गंजक्या पत्र्याला काळी माती चिकटते आणि डिझेल जळतं.

रानात

पहिलं तास मारून थांबा. नांगराची शेपटी घासतेय आणि टोक धरत नाही? टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि नांगर जोडणारा वरचा दांडा) थोडी आखूड करा. टोक फारच घुसतंय तर लांब करा. ट्रॅक्टरचं चाक तासात असताना मागून बघा, नांगराचे पाय जमिनीला काटकोनात हवेत. एका अंगाला झुकत असतील तर त्या बाजूचा लेव्हलचा बोल्ट फिरवा. दुसऱ्या बाजूसाठी पलटी मारून परत तेच. तासाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवीन फाळ बसला की ते हमखास ढिले पडतात.

हंगाम संपला की पत्र्याला आणि फाळाला ग्रीस फासा, सिलेंडरचा दांडा आत ओढून ठेवा आणि नांगर लाकडावर, छपराखाली ठेवा.