अमेरिकन हायस्कूलमधील अमेरिकन साहित्याचा वर्ग : अपेक्षा आणि अभ्यासाची पद्धत

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हायस्कूलच्या चारही वर्षांत इंग्रजी घ्यावे लागते आणि त्यांपैकी अकरावीचे, म्हणजे ज्युनिअर इयरचे, इंग्रजी अनेक शाळांमध्ये अमेरिकन साहित्याला वाहिलेले असते. काही शाळांत त्याच वर्षी ‘एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन’ हा कॉलेजच्या पातळीचा (एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) अभ्यासक्रम अमेरिकन लेखकांच्या आधारे शिकवला जातो. कॉलेजच्या अर्जासोबत जे शेवटचे पूर्ण वर्ष गुणपत्रकात दिसते, ते हेच वर्ष असते. तरीही आपल्या मराठी घरांत गणित आणि विज्ञान यांच्या मानाने या विषयाकडे उशिरा लक्ष जाते, कारण मूल इंग्रजी सहज बोलते, मग त्याला इंग्रजीत काय अडणार, असा समज असतो. प्रत्यक्षात पहिला निबंध अपेक्षेपेक्षा कमी गुणांनी परत येतो आणि त्यामागचे कारण भाषा नसून अपेक्षेचे आकलन हे असते.

ही अपेक्षा एका वाक्यात सांगायची तर अशी : विद्यार्थ्याने साहित्यकृतीविषयी स्वतःचे एक विधान करावे आणि ते त्याच कृतीतील शब्दांच्या आधारे सिद्ध करावे. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या पालकांना ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ हा प्रश्न आठवत असेल. तिथे ओळ कोणाची, कोणत्या प्रसंगातली आणि तिचा अर्थ काय, हे सांगितले की उत्तर पूर्ण होत असे. इथे ते सगळे गृहीत धरले जाते आणि खरे काम त्यानंतर सुरू होते. कथानक सांगण्याला जवळजवळ गुण नसतात, कारण शिक्षकांनी पुस्तक वाचलेले आहे हे उघड असते. अनेक राज्यांनी 2010 पासून स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ या सामायिक शैक्षणिक मानकांत अकरावी-बारावीसाठी अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या पायाभूत अमेरिकन कृतींचे ज्ञान अपेक्षित आहेच, पण एकाच काळातील दोन किंवा अधिक कृती समान विषय कसा हाताळतात, हेही विद्यार्थ्याला दाखवता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

वर्षाची मांडणी पुष्कळदा कालक्रमाने होते. प्युरिटन वसाहतींतील लेखन, 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, मग हॉथॉर्न, इमर्सन, थोरो, फ्रेडरिक डग्लस, व्हिटमन, एमिली डिकिन्सन, मार्क ट्वेन, पुढे फिट्झजेराल्ड, लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, आर्थर मिलर, लॉरेन हॅन्सबेरी आणि टोनी मॉरिसन असा हा प्रवास असतो. काही शिक्षक कालक्रम सोडून ‘अमेरिकन स्वप्न’ किंवा ‘व्यक्ती आणि समाज’ अशा सूत्रांभोवती वर्ष बांधतात. कोणती पुस्तके, गुणांची विभागणी कशी, उशिरा दिलेल्या कामाचे काय आणि निबंध पुन्हा लिहून देण्याची मुभा आहे का, हे सारे सिलॅबसमध्ये, म्हणजे वर्षारंभी मिळणाऱ्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात, लिहिलेले असते. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याने आणि पालकांनी तो एकत्र बसून वाचावा. निबंध नव्याने लिहून देण्याची सोय असेल, तर ती वर्षभर वापरावी. माझ्या मते लेखन सुधारण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

वाचनाचे नियोजन पुस्तक हाती पडताच करावे. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या 1925 च्या कादंबरीत नऊच प्रकरणे आहेत, त्यामुळे ती दोन-तीन आठवड्यांत आरामात होते. हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’चे मात्र तसे नाही. 1850 च्या या कादंबरीची चोवीस प्रकरणे आहेत आणि त्यांच्याआधी ‘द कस्टम हाउस’ नावाची दीर्घ प्रस्तावना येते. तिच्या संथ, वळणावळणांच्या वाक्यांत अनेक मुले अडकतात आणि पुस्तकच बाजूला ठेवतात. ही प्रस्तावना नेमलेली आहे का, हे शिक्षकांना विचारून घ्यावे आणि नेमलेली असली तरी आधी पहिली दोन-तीन प्रकरणे वाचून मग तिच्याकडे वळावे. भाषा जड वाटत असेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाच्या लिब्बी ॲपवरून ध्वनिपुस्तक घेऊन ते ऐकत छापील पानावरून नजर फिरवावी. नुकत्याच भारतातून आलेल्या मुलांना याचा विशेष उपयोग होतो. जुन्या कृती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ‘गॅट्सबी’ही 2021 पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली आहे.

वाचताना समासात टिपणे करणे, म्हणजे ॲनोटेशन, हे पुष्कळ वर्गांत गुणांसाठी तपासले जाते. पानभर पिवळा हायलायटर फिरवण्याला टिपण म्हणत नाहीत. प्रत्येक खुणेशेजारी चार शब्द तरी असावेत : हा शब्द इथेच का आला, ही प्रतिमा आधी कुठे आली होती, बोलणाऱ्याचा सूर इथे का बदलला. डिकिन्सनच्या कविता या सवयीसाठी उत्तम आहेत. तिने सुमारे 1,800 कविता लिहिल्या आणि हयातीत त्यांपैकी जेमतेम दहा छापल्या गेल्या. तिच्या ओळी छोट्या, पण त्यांतील आडव्या रेघा आणि अनपेक्षित मोठी अक्षरे वाचकाला थांबायला लावतात, आणि आपण नेमके कुठे आणि का थांबलो, तेच टिपून ठेवायचे असते.

आता निबंधाकडे वळू, कारण वर्षाचे भवितव्य बव्हंशी त्यावर ठरते. ‘गॅट्सबी’तील हिरव्या दिव्यावर निबंध लिहायचा आहे असे समजा. बहुतेक मुले ‘हिरवा दिवा हे अमेरिकन स्वप्नाचे प्रतीक आहे’ असे लिहितात. हे चुकीचे नाही, पण यावर कोणाचाच मतभेद होणार नाही, म्हणून हे थीसिस, म्हणजे निबंधात सिद्ध करायचे मध्यवर्ती विधान, होऊ शकत नाही. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात खाडीपलीकडच्या, त्याची जुनी प्रेयसी डेझी हिच्या घराच्या धक्क्यावरील त्या दिव्याच्या दिशेने हात पसरून थरथरत उभा असतो. पाचव्या प्रकरणात डेझी प्रत्यक्ष त्याच्या शेजारी आलेली असताना तो तिला त्या दिव्याबद्दल सांगतो आणि निवेदक निकच्या मनात येते की, त्या दिव्याचा प्रचंड अर्थ आता कायमचा नाहीसा झाला असावा. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक अधिक धारदार विधान हाती येते : दिव्याचे मोल गॅट्सबी आणि डेझी यांच्यातील अंतरावर अवलंबून आहे आणि म्हणून या कादंबरीत स्वप्न हाती येणे हे ते हुकण्याइतकेच दुःखद ठरते. या विधानाला विरोध करता येतो. शेवटच्या पानावर निक म्हणतो की, गॅट्सबीचा त्या हिरव्या दिव्यावर विश्वास होता. मग तो अर्थ खरोखर संपला होता का? हा आक्षेप विद्यार्थ्याने स्वतःच उपस्थित करून त्याला उत्तर द्यावे. असा परिच्छेद ज्या निबंधात असतो, तो शिक्षकांच्या नजरेत लगेच भरतो.

प्रत्येक परिच्छेदात विधान, पुरावा आणि विवेचन हा क्रम ठेवावा आणि विवेचन पुराव्याहून लांब असावे. चार ओळींचे अवतरण देऊन ‘यावरून त्याचे प्रेम दिसते’ असे एक वाक्य जोडणे, ही सर्वांत जास्त आढळणारी उणीव आहे. त्याऐवजी अवतरणातला एकच शब्द उचलावा आणि त्या जागी दुसरा शब्द असता तर काय बिघडले असते, ते लिहावे. साहित्यकृतीतील घटना वर्तमानकाळात मांडायच्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. संदर्भ देण्यासाठी बहुतेक शाळा एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धत पाळतात. तीत अवतरणानंतर कंसात लेखकाचे आडनाव आणि पृष्ठक्रमांक येतात, त्या दोहोंमध्ये स्वल्पविराम नसतो, ओळींमधले अंतर दुप्पट असते आणि शेवटी उद्धृत ग्रंथांचे स्वतंत्र पान असते. लेखन संपल्यावर शिक्षकांनी दिलेले रूब्रिक, म्हणजे गुणांच्या निकषांचा तक्ता, शेजारी ठेवून स्वतःच्या निबंधाला स्वतः गुण द्यावेत.

वर्गातील चर्चेलाही गुण असतात. सॉक्रेटिक सेमिनारमध्ये विद्यार्थी गोलाकार बसतात, शिक्षक फारसे बोलत नाहीत आणि कोणी किती वेळा, कशाच्या आधाराने बोलले याची नोंद ठेवली जाते. वडीलधाऱ्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये असे वळण असलेल्या मुलांना हे अवघड जाते. अशा विद्यार्थ्याने दोन प्रश्न आणि पृष्ठक्रमांकांसह तीन उतारे कागदावर लिहून न्यावेत आणि पहिल्या काही मिनिटांतच एकदा बोलून घ्यावे. आधीच्या वक्त्याचे म्हणणे उचलून त्यात भर घालणे ही सोपी सुरुवात असते. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’सारख्या कृतीत कृष्णवर्णीयांसाठी वापरलेला अत्यंत अपमानकारक शब्द वारंवार येतो. तो मोठ्याने उच्चारायचा नाही, असा नियम अनेक वर्गांत असतो आणि तो मनापासून पाळावा. गुलामगिरीचा इतिहास शेजारी बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरातला इतिहास असू शकतो. गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचे 1845 चे आत्मकथन त्यासोबत वाचायला मिळाले, तर फारच चांगले. बाल्टिमोरच्या रस्त्यांवर गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्याबदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकल्याचे तो सांगतो, तो भाग प्रत्येक विद्यार्थ्याने सावकाश वाचावा असा आहे.

वर्षात एक संशोधनपर निबंध बहुधा असतोच. विषय लहान निवडावा. आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ या 1953 च्या नाटकात 1692 च्या सेलममधील चेटूक-खटले आहेत, पण त्याचा रोख कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांना जाब विचारणाऱ्या मिलरच्या काळातील अमेरिकेवर आहे. ‘सेलम आणि मॅकार्थी काळ’ (सेनेटर मॅकार्थी यांच्या नावाने ओळखला जाणारा तो संशयाचा काळ) हा विषय हायस्कूलच्या निबंधात मावत नाही. त्याऐवजी एवढेच पाहावे : इतिहासातील, चेटकाचे आरोप करणारी ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि आरोपी जॉन प्रॉक्टर साठीच्या आसपास होता, तर मिलरने तिला सतराची आणि त्याला पस्तिशीचा केले आणि दोघांत विवाहबाह्य संबंध दाखवला. या बदलामुळे खटल्यांचे कारण समाजाच्या भीतीकडून एका खासगी अपराधाकडे सरकते का? मराठी विद्यार्थ्याला आणखी एक वाट मोकळी आहे. थोरोने 1854 च्या ‘वॉल्डन’मध्ये भगवद्गीतेच्या वाचनाविषयी लिहिले आहे आणि इमर्सनच्या ‘ब्रह्म’ या कवितेत गीता आणि कठोपनिषद यांचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. घरात गीता असलेल्या मुलाने या दोघांनी तिच्यातून काय घेतले आणि काय सोडले हे तपासले, तर निबंधाला सहसा न आढळणारी खोली येते. मात्र ‘हे सारे आपल्याकडे आधीच होते’ असा निष्कर्ष काढून थांबू नये, कारण त्यात थोरोचे वाचन होत नाही.

एपी वर्गात असलेल्यांसाठी मे महिन्यातील परीक्षेत तीन निबंध असतात : दिलेल्या साधनांचा मेळ घालणारा, एखाद्या उताऱ्याच्या वक्तृत्वशैलीचे विश्लेषण करणारा आणि स्वतःची बाजू मांडणारा. 2025 पासून ही परीक्षा संगणकावर ब्लूबुक ॲपमध्ये द्यावी लागते. प्रत्येक निबंधाला सहा गुण असून त्यांतले चार पुरावा आणि विवेचन यांना आहेत. म्हणजे सुंदर सुरुवात आणि भारदस्त शेवट यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. घरी चाळीस मिनिटे लावून सराव करावा.

पालकांनी निबंधातील इंग्रजी सुधारून देऊ नये. त्याऐवजी जेवताना मुलाला त्याचे विधान मराठीत सांगायला लावावे आणि ‘हे कशावरून?’ असे दोनदा विचारावे. मुलाला मराठीत सांगता आले नाही, तर बहुधा विधानच अजून पक्के झालेले नसते. चॅटजीपीटीसारख्या साधनांबाबत प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा असतो, म्हणून तो आधीच विचारून घ्यावा. निबंध पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्येच लिहावा, म्हणजे शंका आल्यास आवृत्त्यांचा इतिहास दाखवता येतो.

पहिला निबंध परत आला की आठवडाभरात शिक्षकांना भेटायला जावे आणि गुणांबद्दल वाद न घालता ‘या परिच्छेदात विवेचन कुठे तोकडे पडले?’ असे विचारावे. अनेक कॉलेजे शिफारसपत्र अकरावीच्या मुख्य विषयाच्या शिक्षकांकडूनच मागतात, आणि इंग्रजीच्या शिक्षकांना विद्यार्थ्याचे विचार सर्वांत जवळून वाचायला मिळालेले असतात. हे पत्र मागायचे असल्यास ज्युनिअर इयरच्या वसंतात, उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी, प्रत्यक्ष भेटून विनंती करावी आणि वर्षभरात लिहिलेला स्वतःचा सर्वांत चांगला निबंध सोबत द्यावा.