किनारपट्टीवर ॲल्युमिनियमचं कुंपण घालताय? आधी या चुका टाळा

लोखंडी अँगल आणि तारेची जाळी खाऱ्या वाऱ्यात किती टिकते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दरवर्षी खरवडा, प्रायमर मारा, रंग मारा, तरी तळाशी भोकं पडतातच. म्हणून हल्ली नवं घर बांधणारे ॲल्युमिनियमच्या कुंपणाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. पण 'ॲल्युमिनियम गंजत नाही' एवढ्या एका वाक्यावर विसंबून कुंपण उभं केलं जातं आणि दोन-तीन पावसाळ्यांत खांब डुगडुगायला लागतात, रंगाखाली फोड येतात, गेट खाली बसतं. पट्ट्या आणि चौकटी बहुतेक वेळा ठणठणीत असतात. बिघाड होतो तो ॲल्युमिनियम जिथे सिमेंटला, चिऱ्याला किंवा लोखंडी स्क्रूला टेकतं तिथे. म्हणून कुंपणाचं डिझाईन निवडण्याआधी या टेकण्याच्या जागा कशा करणार, हे फॅब्रिकेटरला विचारा.

चारही बाजू बंद करणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून पाच फुटी कुंपणाला सलग पत्रा किंवा एसीपी शीट (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा थर असलेली प्लास्टिकची शीट) लावली जाते. शांत दिवशी ती छान दिसते. वादळात ती शिडासारखी वारा धरते.

आकड्यांतच पाहू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ६८ किलोचा दाब येतो. सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच बंद पॅनेलवर तो सुमारे १९० किलो होतो. मधला प्रत्येक खांब दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं पॅनेल सांभाळतो, म्हणजे हा सगळा भार एका खांबावर, तोही जमिनीपासून अडीच फूट उंचीवर आडवा. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटरचा, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटरचा मूळ वेग धरला आहे. तो घेतला तर त्याच पॅनेलवर सव्वातीनशे किलोंच्या वर भार जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला की दाब जवळजवळ पावणेदोनपट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हे आकडे साध्या सूत्रातले आहेत. उघडा माळ, टेकडीचा माथा किंवा समुद्रासमोरची जागा असेल तर इंजिनिअरकडून नीट हिशेब करून घ्या.

उपाय सोपा आहे, उभ्या किंवा आडव्या पट्ट्यांमध्ये मोकळीक ठेवायची. निम्मी जागा मोकळी ठेवली म्हणून भार बरोबर निम्मा होत नाही, पण बराच उतरतो. आडोसा हवाच असेल तर घराच्या ज्या बाजूला खरंच गरज आहे तेवढाच द्या, आणि तिथे खांब जवळ घ्या, सहाऐवजी चार फुटांवर.

याच चुकीचं दुसरं रूप कुंपण झाल्यावर दिसतं. पावसाची झड अडवायला कोकणात झापं किंवा ताडपत्री बांधायची जुनी रीत आहे. ती पडवीला बांधा, कुंपणाला नको. हिरवी शेडनेट, जाहिरातीचा फ्लेक्स, दाट वाढलेली मधुमालती किंवा बोगनवेल, सगळ्यांचा परिणाम तोच होतो. मोकळ्या पट्ट्यांसाठी मोजलेला खांब मग बंद पॅनेलचा भार झेलायला लागतो.

चिऱ्याच्या भिंतीत सरळ फास्टनर ठोकणं

कोकणातलं नेहमीचं चित्र म्हणजे तीन फुटांची जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आणि तिच्यावर तीन फुटांचं ॲल्युमिनियम. फॅब्रिकेटर येतो, भिंतीच्या माथ्यावर ड्रिल मारतो, अँकर फास्टनर घालतो, खांबाच्या तळाची बेसप्लेट आवळतो. हाताने हलवून पाहिलं तर घट्ट लागतं.

ते घट्ट राहत नाही. अँकर फास्टनर आतून फुगून बाजूच्या दगडावर दाब देतो आणि त्या दाबावरच टिकतो. काँक्रीटमध्ये हे चालतं. चिरा सच्छिद्र, भिजल्यावर आणखी मऊ होणारा, आणि भोकाभोवती भुगा होणारा. जुलैतल्या प्रत्येक वाऱ्याबरोबर खांब केसभर हलतो, भोक रुंदावतं, त्यात पाणी उतरतं. ऑक्टोबरपर्यंत खांब हाताने डुलवता येतो.

म्हणून भिंतीच्या माथ्यावर आरसीसी पट्टा टाका. सळ्या घातलेला, निदान सहा इंच जाडीचा. बोल्ट ओतकामातच बसवून घेता आले तर उत्तम. नंतर बसवायचे असतील तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा, आणि भोक ब्रशने व फुंकणीने साफ केल्याशिवाय त्यात केमिकल भरू देऊ नका. धुळीवर ते चिकटत नाही. बोल्ट पट्ट्याच्या कडेपासून आत हवेत, नाहीतर कडेचा तुकडाच निघून येतो.

एवढ्यावर भागत नाही. चिऱ्याची भिंत वरून येणारं वजन उत्तम पेलते, पण बाजूने ढकललं तर तिच्यात पकड कमी. तिच्यावर कुंपण चढवलं की वाऱ्याचा सगळा रेटा भिंतीच्या तळाशी येतो. नवी भिंत बांधत असाल तर पायापासून वर आलेले आरसीसी खांब आठ-दहा फुटांवर घ्या आणि ॲल्युमिनियमचे मुख्य खांब शक्यतो त्यांच्यावरच येतील असा आराखडा करा. जुनी भिंत असेल तर कुंपणाची उंची कमी ठेवा. आणि चुना-सिमेंट न घालता नुसते दगड रचलेला गडगा असेल तर त्याच्यावर काहीच उभारू नका. खांब गडग्याच्या आतल्या बाजूला, स्वतंत्र खड्ड्यात घ्या.

जमिनीत रोवायच्या खांबाला दीड फूट खड्डा पुरतो असं सांगितलं जातं. पाच फुटी कुंपणाला तो पुरत नाही, निदान अडीच फूट हवा. किनाऱ्यालगतच्या वाळूत तो आणखी रुंद आणि खोल घ्यावा लागतो, कारण भर पावसात तिथलं पाणी अगदी वर आलेलं असतं आणि वाळू पकड सोडते. कोपऱ्याचे आणि गेटचे खांब वेगळे समजा. त्यांचा सेक्शनही (ॲल्युमिनियमची तयार नळी) जाड आणि पायाही मोठा.

सिमेंटमध्ये नागडा खांब

ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि अल्क ॲल्युमिनियमला खातं. वाळल्यावर हा प्रकार मंदावतो, पण कोकणातल्या खड्ड्यातलं काँक्रीट पावसाळ्याचे चार महिने वाळतच नाही. त्यात भर म्हणून समुद्राची वाळू किंवा मचूळ पाणी वापरलं असेल तर मीठही आत गेलं. खांब जमिनीच्या रेषेवरच पोखरला जातो, आणि वाऱ्याचा सगळ्यात जास्त ताणही नेमका तिथेच असतो.

पावडर कोटिंगवर भिस्त ठेवू नका, खड्ड्यात उतरवताना ते खरचटतंच. गाडला जाणारा भाग आणि त्याच्या वर दोन इंच बिटुमेन पेंटचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच काँक्रीट ओता. बेसप्लेटवर उभा करत असाल तर खाली ईपीडीएम किंवा निओप्रीन रबराचा तुकडा घाला. काँक्रीटचा माथा सपाट ठेवू नका, चारही बाजूंना उतार द्या. पोकळ खांबात पाणी साठतं, म्हणून काँक्रीटच्या लगेच वर सहा मिलिमीटरचं एक भोक ठेवा आणि वर घट्ट टोपी बसवा. हे भोक गवंडी हटकून बुजवतो, काम संपल्यावर स्वतः पाहून घ्या. गिलाव्याचे शिंतोडे उडाले तर ओले असतानाच पुसा. एकदा वाळले की डाग कायमचा.

कुंपण महाग, स्क्रू स्वस्त

हजारो रुपयांचं सेक्शन आणि त्यात जवळच्या दुकानातले पिवळसर झिंक मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू! मुलामा उडाला की लोखंड गंजतं, आणि दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह चालू होऊन शेजारचं ॲल्युमिनियमही झिजायला लागतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर ती याचीच.

किनाऱ्यापासून जवळ असाल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. दुकानदार ३०४ देईल, तेही चालतं म्हणेल. समुद्राच्या वाऱ्यात ३०४ वर तपकिरी डाग येतात. लांजा किंवा साखरप्याकडे, किनाऱ्यापासून बरंच आत घर असेल तर ३०४ वर भागू शकेल. स्टेनलेसखालीही नायलॉनचा वॉशर घालायचाच. वाऱ्याच्या थरथरीने नट सैल होतात, म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) वापरा. आणि आवळण्याआधी आट्यांवर थोडं अँटीसीझ ग्रीस लावा. कोरडा आवळलेला स्टेनलेस नट कधी कधी असा अडकतो की पुढे बोल्ट कापावा लागतो.

रिव्हेटकडे कोणाचंच लक्ष जात नाही. नेहमीच्या पॉप रिव्हेटची टोपी ॲल्युमिनियमची असली तरी आतली खिळी लोखंडी असते. तिचं डोकं आतच राहतं, गंजतं, आणि पांढऱ्या कुंपणावर तपकिरी ओघळ येतात. खिळीसकट ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस रिव्हेट मागा. गेटला पितळी कडी आणि कुलूप लावायची हौस असेल तर मध्ये नायलॉनचा तुकडा घाला, आणि तांब्याची अर्थिंग पट्टी कुंपणाला टेकवत किंवा त्याच्या वरून नेऊ नका. तांब्यावरून ओघळणाऱ्या पाण्यानेही ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

खिडकीचा सेक्शन, लोखंडाचा कटर

स्लायडिंग खिडकीचा पातळ सेक्शन वापरून कुंपण बनवून देणारे आहेत. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट वाकतं, म्हणून जाडीत काटकसर चालत नाही. खांबाला दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाडी घेऊ नका, गेटच्या खांबाला तीन. व्हर्नियरने मोजून घ्या, लाजू नका. बेसप्लेट खांबाला वेल्ड केली असेल तर लक्षात ठेवा, ६०६३ सारखा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी बराच नरम पडतो. तिथे आतून जाड तुकडा किंवा बाहेरून बोल्टची बैठक हवी.

ज्या चकतीने लोखंड कापलं तिनेच ॲल्युमिनियम कापायचं, किंवा कुंपणाशेजारी बसून ग्रिलचं ग्राइंडिंग करायचं, हे साइटवर सर्रास चालतं. लोखंडाचे कण कोटिंगमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उठतात. कापलेल्या टोकांवर कोटिंग नसतं, खारा ओलावा तिथूनच रंगाखाली शिरतो आणि दोऱ्यासारख्या रेषा पसरत जातात. शक्य असेल तर आधी कापा, भोकं पाडा आणि मगच पावडर कोटिंगला पाठवा. कोटिंगची जाडी सरासरी ६० मायक्रॉन तरी हवी. पण त्याहून महत्त्वाची आहे ती कोटिंगआधीची धुलाई आणि एचिंग, म्हणजे रसायनाने धातूचा वरचा पातळ थर काढणं. क्वालिकोट या ॲल्युमिनियम कोटिंगच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या 'सीसाइड' वर्गात दर चौरस मीटरमागे निदान दोन ग्रॅम धातू एचिंगने काढायची अट आहे, ती किनाऱ्यासाठीच. कोटिंगवाल्याला हे विचारा. त्याने उत्तर टाळलं तर दुसरा शोधा.

लांब आडव्या पट्ट्या दोन्ही टोकांना करकचून बांधू नका. सहा मीटरची पट्टी चाळीस अंशांच्या फरकाला पाच-सहा मिलिमीटर लांबते, गडद रंगाची असेल तर मे महिन्यात हा फरक सहज पडतो. एका टोकाला लांबट भोक ठेवा.

मेअखेरीची घाई

मुंबईहून सुट्टीला आलेले मालक मे महिन्यात काम काढतात आणि जूनच्या आत संपवा म्हणतात. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मेमध्ये आलं, निसर्ग जूनच्या सुरुवातीला, फयान २००९ च्या नोव्हेंबरमध्ये. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा अरबी समुद्रात वादळं होतात. दिवाळीनंतर पाया घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत पॅनेल चढवा.

बिघाड दिसला तर

खांब हलतोय: आधी बोल्ट सैल आहे की पाया, ते पाहा. बेसप्लेट जागच्या जागी राहून खांब हलत असेल तर नट किंवा वेल्ड. प्लेटसकट हलत असेल तर अँकर. त्याच भोकात मोठा फास्टनर ठोकून उपयोग नाही, नवी जागा किंवा आरसीसी पट्टा लागेल.

रंगाखाली फोड: सुटलेला रंग खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर आणि टचअप मारा. वरून नुसता रंग मारला तर आतली झीज चालूच राहते.

गेट खाली बसलंय: बिजागरीत वॉशर घालण्याआधी गेटचा खांब ओळंब्याला लावून पाहा. बहुतेक वेळा तोच झुकलेला असतो.

तळाशी पांढरे डाग: पालापाचोळा आणि माती खालच्या पट्टीला टेकली आहे. तळाला तीन-चार इंच मोकळे हवेत, पावसाचा लोंढाही त्यातून जातो. रानडुकरांचा त्रास असेल तिथे ही फट कमी करावी लागते, मग पाचोळा दर पंधरवड्याला काढायला हवा.

पाऊस धुतो, मग वेगळं धुवायला नको, असा एक गैरसमज आहे. पावसाळ्यात कुंपण आपोआप धुतलं जातं हे खरं, पण मीठ साठतं ते नोव्हेंबर ते मे, आणि छपराखालच्या, झाडाआडच्या भागांवर तर पावसातही. म्हणून कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, हवं तर सौम्य साबण घ्या. संडास धुण्याचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि धुण्याचा सोडा यांतलं काहीही कुंपणाला लागू देऊ नका.

निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. माड कुंपणावर कोसळला तर कितीही चांगलं काम वाचत नाही. म्हणून पॅनेल वेल्ड न करता बोल्टने जोडलेली घ्या, एका मापाची ठेवा, आणि दोन जादा पॅनेल व मूठभर त्याच ग्रेडचे बोल्ट करून घेऊन माळ्यावर ठेवा. वादळानंतर त्या रंगाचा, त्या मापाचा सेक्शन पुन्हा मिळेल याची खात्री नसते, आणि फॅब्रिकेटरकडे तर तेव्हा अख्ख्या तालुक्याची रांग असते.