सुपरबाईक लांब पल्ल्यासाठी कशी तयार करावी

साताऱ्यातून निघून शेंद्र्याला महामार्गावर आलेली सुझुकीची हायाबुसा ही सुपरबाईक पहिला तासभर चालवणाऱ्याला काहीच जाणवू देत नाही. कराड मागे पडेपर्यंत तळहातांना मुंग्या येऊ लागतात, कागलच्या आसपास मान आखडते आणि निपाणीला चहासाठी उतरताना गुडघा सरळ करायला अर्धे मिनिट लागते. यात गाडीचा दोष नाही, कारण १३४० सीसीचे हे यंत्र टाकीवर ओणवे होऊन वेगाने जाण्यासाठी घडवलेले आहे. तीच गाडी दिवसभर चालवता यावी म्हणून तिच्यात काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हे पुढे क्रमाने दिले आहे.

आधी हिशेब

अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशन २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर, दुचाकी चालवणाऱ्याला ‘सॅडलसोर १०००’ हे प्रमाणपत्र देते. आपल्याकडे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. सारे अंतर त्याच वेगाने, एकदाही ब्रेक न लावता कापले, तरी वीस तास जातात आणि पेट्रोल, जेवण, लघवी, विश्रांती या सगळ्यासाठी जेमतेम चार तास उरतात. प्रत्यक्षात रस्त्याच्या कामांमुळे घ्यावी लागणारी वळणे, ट्रक आणि गावे धरता चालत्या गाडीची सरासरी ७० पडली, तर त्या चार तासांतला एकच तास उरतो. म्हणून नवख्याने त्या प्रमाणपत्राच्या मागे न लागता पहिले लक्ष्य सातारा ते चित्रदुर्ग आणि परत, म्हणजे हजाराच्या किंचित पुढचे अंतर, एवढेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या हिशेबातून दुसरीही एक गोष्ट निघते. कायद्यात राहून वेग वाढवता येत नाही, त्यामुळे वेळ वाचवायचा तो थांब्यांत, आणि थांबे वाढतात ते अंग दुखते म्हणून. सायलेन्सर बदलून किंवा इंजिनाचे मॅपिंग (इंधन आणि ठिणगीची संगणकातली आखणी) बदलून यातले काहीही साधत नाही. ते पैसे सीटसाठी ठेवावेत.

दुखण्याची नोंद

कोणताही सुटा भाग मागवण्यापूर्वी गाडी आहे तशीच साताऱ्याहून बेळगावला नेऊन परत आणावी. जाऊन-येऊन सुमारे ४६० किलोमीटर होतात. प्रत्येक थांब्यावर खिशातल्या वहीत किलोमीटरचा आकडा आणि दुखणारा सांधा लिहावा. माझ्या पहिल्या वहीतली एक ओळ अशी होती: ‘५४ – उजवा तळवा, करंगळी बधिर. ११८ – मान डावीकडे. १६० – बूड, उजवे हाड.’ या तीन नोंदींनी माझी खरेदी ठरवली. मी आधी वारा अडवणारी पुढची उंच काच घेणार होतो, पण वही सांगत होती की सुरुवात हातांपासून आणि सीटपासून करायला हवी. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन यावे, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

सीट

कंपनीची सीट पुढे उतरती असते, त्यामुळे अंग सतत टाकीकडे घसरते आणि ते मागे धरून ठेवण्याचे काम मनगटांना करावे लागते. तळव्यांच्या मुंग्यांचे निम्मे कारण बहुधा इथेच सापडते. सीट शिवणारा कारागीर प्रेमापोटी मऊ फोम घालतो. दुकानात बसल्यावर तो गादीसारखा वाटतो आणि दोन तासांनी दबून खालच्या प्लास्टिकला टेकतो. त्याला खाली दाट, कडक फोम आणि वर फक्त बोटभर जाडीचा मऊ थर घालण्यास सांगावे. बसण्याची जागा जवळजवळ सपाट असावी, मागे रुंद आणि टाकीकडे निमुळती, म्हणजे पाय जमिनीला नीट पोहोचतात.

रुंदी अंदाजाने ठरवू नये. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून, किंचित पुढे वाकून त्यावर दोन मिनिटे बसावे. उठल्यावर बुडाच्या दोन हाडांचे दोन खळगे पुठ्ठ्यावर उमटलेले दिसतात. तो पुठ्ठा कारागिराच्या हातात द्यावा आणि ते दोन्ही खळगे दाट फोमवर पूर्ण टेकतील एवढी रुंदी मागावी. त्या जागेवरून शिवण जाऊ देऊ नये, कारण पाचव्या तासाला ती शिवण दोरीसारखी काचते. मूळ सीट न फाडता जुनी सीट विकत घेऊन तिच्यावर हे काम करून घेतलेले बरे.

बाजारात मेंढीच्या कातड्याची आवरणे मिळतात. माण-खटावकडच्या घोंगडीचा दुहेरी तुकडाही तेच काम करतो, कारण लोकरीतून हवा खेळते आणि घाम साचत नाही. पावसात मात्र ती भिजून जड होते, तेव्हा काढून ठेवावी.

हँडल

क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या दांड्यांना दोन बाजूंनी आवळलेले सुटे हँडल) २५ ते ३० मिलिमीटर वर आणि थोडे मागे आणणारे रायझर पुरेसे होतात. त्याहून उंच गेल्यास ब्रेकचे होज आणि वायरी अपुऱ्या पडतात. रायझर बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. अंगठा टाकीला चेपत नाही, लिव्हर फेअरिंगला (गाडीच्या बाहेरच्या आवरणाला) लागत नाही आणि होज ताणला जात नाही, याची खात्री करावी. केबलच्या थ्रॉटलची गाडी असेल तर इंजिन चालू ठेवून हँडल फिरवावे. आरपीएम वाढले तर केबल ताणली जात आहे असे समजून गाडी रस्त्यावर नेऊ नये. बोल्ट अंदाजाने न आवळता ठरावीक जोर दाखवणारा टॉर्क पाना वापरावा.

यात मी स्वतः चुकलो आहे. रायझर बसवताना वायरींचा जुडगा पूर्वीच्याच क्लिपमध्ये ठेवला आणि वर जादा दिव्यांचे कनेक्शनही हेडलाइटच्याच वायरीतून घेतले. धारवाडच्या पुढे रात्री दहाच्या सुमारास हँडल वळवताच फ्यूज उडाला आणि पुढचा सारा उजेड गेला. मोबाईलच्या प्रकाशात गाडी ढकलत पंपापर्यंत नेली. पाहतो तर एका वायरीचे आवरण घासून ज्वारीच्या दाण्याएवढे तांबे उघडे पडले होते.

त्या रात्रीपासून माझा नियम ठरला आहे: जादा दिवे आणि चार्जर यांची वायर थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे बटण) लावूनच घ्यायची. प्रत्येकी २० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर घेतात, म्हणून त्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. सगळे जोडून झाल्यावर इंजिन चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचा व्होल्टेज पाहावा. तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असावा; त्याखाली गेला, तर काहीतरी कमी करावे लागेल.

काच आणि वारा

काच एवढीच उंच असावी की तिच्या वरच्या कडेवरून रस्ता दिसेल. काचेतून पाहावे लागले तर पावसात आणि रात्री आंधळेपणा येतो. वारा हेल्मेटच्या हनुवटीवर फुटत असेल तर डोके थरथरते आणि मान जाते, तेव्हा वारा छातीच्या वरच्या भागावर किंवा पूर्ण डोक्यावरून गेला पाहिजे. याची परीक्षा घ्यायला सातारकरांना लांब जावे लागत नाही. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तिथल्या आडव्या वाऱ्यात सामान बांधून गाडी एकदा चालवावी, म्हणजे उंच काच आणि मागचा डबा मिळून गाडी किती ढकलली जाते ते समजते. कानात इअरप्लग घालावेत. वाऱ्याचा आवाजही थकवतो, हे ते घातल्यावरच पटते.

सस्पेन्शन, टायर, साखळी

सस्पेन्शनसाठी दोन मित्र आणि एक टेप लागते. गाडी उचलून चाक लोंबते ठेवून मागच्या अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजावे. मग पूर्ण कपड्यांत, सामानासह बसून तेच अंतर पुन्हा मोजावे. फरक ३० ते ४० मिलिमीटर असावा. जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवावा, कमी असेल तर घटवावा.

टायर स्पोर्ट-टुरिंग जातीचेच घ्यावेत. मऊ रबराचे टायर सरळ महामार्गावर मधोमध झिजून चपटे होतात. आकार मूळचाच, म्हणजे हायाबुसाला पुढे १२०/७० आणि मागे १९०/५० ठेवावा. ट्यूबलेस पंक्चरचे साहित्य आणि छोटा पंप सोबत हवा, आणि ते वापरण्याचा सराव घरच्या अंगणात एखाद्या टाकाऊ टायरवर झालेला हवा. साखळीला दर ५०० किलोमीटरला, गरम असतानाच तेल द्यावे. रात्रीच्या मुक्कामापर्यंत थांबू नये.

पेट्रोल आणि सामान

२० लिटरची टाकी आणि लिटरला १६ ते १८ किलोमीटर धरले, तरी दर २५० किलोमीटरला भरणे शहाणपणाचे. अमेरिकेतले काही चालक जादा टाकी बसवतात. या महामार्गावर पंपांची वाण नाही, त्यामुळे ती आगीची जोखीम आपण घेण्याचे कारण नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले आहे. बदल उलगडता येण्याजोगे ठेवावेत, काढलेले भाग जपून ठेवावेत आणि शंका असेल तिथे आरटीओत व विमा कंपनीकडे आधी विचारावे.

जड वस्तू टाकीवरच्या बॅगेत आणि हलक्या मागे ठेवाव्यात. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे वजन गेले की पुढचे चाक हलके होते. बाजूच्या बॅगा सायलेन्सरपासून चार बोटे दूर आहेत का, हे गाडीवर माणूस बसवून पाहावे, कारण सस्पेन्शन दबल्यावर ते अंतर निम्मे होते.

निघण्यापूर्वी

सगळे बदल झाल्यावर लगेच चित्रदुर्ग गाठू नये. आधी बेळगावची तीच फेरी पुन्हा करावी आणि नोंदी जुन्या वहीशी ताडून पाहाव्यात. नव्याने बसवलेल्या प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारावी. परतल्यावर गाडी थंड झाली की विजेरी घेऊन एकेक रेघ पाहावी. जिथे ती तुटलेली दिसेल तो बोल्ट सैल झाला आहे. तो काढून, लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून, पुन्हा आवळून किमान शंभर किलोमीटर चालवल्याशिवाय लांबचा बेत आखू नये.