लिबरल आर्ट्सचा अर्ज आणि अण्णांचं पासबुक

अशोका, अझीम प्रेमजी, क्रिया, फ्लेम ही लिबरल आर्ट्स, म्हणजे कला-विज्ञानाचे विषय एकत्र शिकवणाऱ्या विद्यापीठांची नावं ज्यांनी आधीच शोधून पाहिली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. चार वर्षांची पदवी, मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय), पहिल्या वर्षाला सगळ्यांना सारखे विषय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. निबंध, परीक्षा, मुलाखत यांवर बोलणारे व्हिडिओही रग्गड आहेत. फी-सवलतीच्या फॉर्मवर मात्र कुणी बोलत नाही, आणि शेतकऱ्याच्या घरातलं लेकरू अडकतं ते नेमकं तिथंच. वर्षाचा खर्च १० लाखांच्या वर जाणारी विद्यापीठं यात आहेत. सवलत नसेल तर आपल्यासाठी प्रवेश मिळाला काय न् नाही मिळाला काय, सारखंच.

आधी वेळेचं सांगते. आपल्याकडे सगळं बारावीच्या निकालानंतर सुरू होतं. इथं तसं नाही. २०२५ चा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, तोवर बऱ्याच ठिकाणच्या सुरुवातीच्या फेऱ्या आटोपल्या होत्या. अर्ज दिवाळी ते जानेवारीत भरायचा, दहावी-अकरावीच्या गुणांवर. पक्का प्रवेश बारावीच्या निकालावर. म्हणजे प्रॅक्टिकल, प्रिलिम आणि अर्ज एकाच गठ्ठ्यात येतात. २०२५ ची बोर्डाची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि जानेवारीत मी रात्री केमिस्ट्री करायचे की निबंध, हेच ठरत नव्हतं. दोन्ही अर्धवट झाले. तरी निभावलं. निभावतं.

लातूर-नांदेडला शिकणाऱ्यांना एक खास सूचना. 'अकरावीला कोण विचारतं' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. क्लास एकीकडे, कॉलेजात नाव दुसरीकडे, अकरावीची गुणपत्रिका कशी येते ते आपल्याला ठाऊक आहे. या अर्जात तीच गुणपत्रिका वर चढवावी लागते. शिवाय शिफारसपत्र मागितलं तर देणार कोण? शंभर-दीडशेच्या बॅचला शिकवणाऱ्या सरांना तुमचं आडनावही आठवत नाही. मी गावच्या शाळेत दहावीला शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी पत्र मराठीत लिहिलं, मग आम्ही दोघींनी बसून इंग्रजी केलं. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं पत्र आणा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आमदारांच्या लेटरहेडवरचं 'विद्यार्थिनी होतकरू आहे' कुणाच्याच कामाचं नसतं.

आता निबंध. पुण्याच्या एका ऑनलाइन मार्गदर्शकांनी मला पहिल्याच कॉलवर सांगितलं, "परभणीची ना? दुष्काळ घाल. पाण्याच्या रेल्वेचं लिही." ती रेल्वे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गेली. मी तेव्हा तिसरीत होते आणि ती गाडी पुण्याच्या लोकांसारखीच टीव्हीवर पाहिली होती. आमच्या गावाला टँकर यायचा, पण मार्गदर्शकांना टँकर नको होता, रेल्वे हवी होती. त्यांची फी आमच्या एका एकराच्या सोयाबीनइतकी होती. मी पुढचा कॉल केला नाही. माझं मत कडू आहे, पण सांगते: दुःख विकून दिलेला निबंध निवडणाऱ्यांनी शेकड्यांनी वाचलेला असतो, आणि मुलाखतीत त्यावरचा दुसरा प्रश्न आला की आपल्याकडे बोलायला काही उरत नाही.

मी काय लिहिलं? २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, तेव्हा आमच्याकडे घरोघरी पेट्या उघडल्या. १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुने कागद उर्दूत, काही मोडीत. चुलत्यांना एक घडी घातलेला कागद सापडला. गावात तो वाचता येणारं कुणीच नव्हतं. शेवटी तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मौलवींनी वाचून दिला, तर ती निघाली बैलाच्या सौद्याची पावती. चुलते हिरमुसले. मला मात्र प्रश्न पडला की आपल्याच घरातले कागद आपल्याला वाचता न येण्याची वेळ कशी आली, आणि ज्यांना वाचता येतात त्यांच्या हाती किती काय असतं. एवढंच लिहिलं. इंग्रजी साधं, चुकाही होत्या. मुलाखत बरीचशी त्या बैलावरच झाली.

तुमच्या घरीही असं काहीतरी असणार. आधी मराठीत लिहा किंवा फोनवर बोलून रेकॉर्ड करा, मग इंग्रजीत आणा. चॅटजीपीटीकडून अख्खा निबंध लिहून घेऊ नका. काही ठिकाणी समोर बसवून लिहायला लावतात, तेव्हा दोन्ही लिखाणं शेजारी ठेवली की फरक आंधळ्यालाही दिसतो. माझ्या ओळखीतल्या एकाने तसं केलं. त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

मुलाखतीत इंग्रजी अडलं की थांबा, "मी पुन्हा सांगते" म्हणा. मी म्हटलं, कुणी हसलं नाही.

आता मूळ गोष्ट.

फी-सवलतीसाठी घरची सगळी आर्थिक माहिती मागतात. आपण काय करतो? सेतूतून उत्पन्नाचा दाखला काढतो. त्यावर आकडा किती असतो हे मी सांगायची गरज नाही. गावात सगळ्यांचेच दाखले ५०-६० हजारांच्या आसपास असतात, कारण आजवर कुणी त्याच्यापुढं विचारलंच नाही. शिष्यवृत्तीला तेवढं चालून गेलं. इथं चालत नाही. इथं दाखल्यासोबत घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट मागतात आणि कुणीतरी माणूस बसून ते ओळ न् ओळ वाचतो.

अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या खात्यात त्या वर्षी काय काय आलं ते बघा. सोयाबीनची पट्टी, म्हणजे आडतीवर विकलेल्या मालाचे पैसे, १ लाख २० हजारांच्या आसपास. हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि मोंढ्यात, म्हणजे बाजारात, ४,१०० ने गेलं, ते सोडा. पीएम किसानचे ६ हजार, नमो शेतकरीचे ६ हजार. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीचं अनुदान. आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५००. इथवर ठीक. पण मार्चमध्ये एके दिवशी दीड लाख रोख जमा, आणि आठवड्याभराने पुन्हा १ लाख ६० हजार जमा.

शेतकऱ्याच्या घरातलं कुणीही हे बघून सांगेल की कर्ज नवं-जुनं केलंय. बाहेरच्या माणसाला ते कळणार कसं? म्हणून नीट उलगडून सांगते, कारण तुम्हालाही हे त्यांना उलगडून सांगावं लागणार आहे. पीककर्ज वर्षाच्या आत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही. काही सवलत केंद्राची, उरलेली राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून. मुदत चुकली की सवलत गेली. पण मार्चमध्ये हातात पैसा असतो कुणाकडे? मग आडत्याकडून (आपला माल विकून देणारा दलाल) किंवा पाहुण्याकडून आठ-दहा दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, खात्यात भरायचे, जुनं कर्ज फेडायचं, नवं मंजूर झालं की रक्कम काढून ज्याचे त्याला वरच्या पैशांसकट परत करायचे. बोलीत सोपं आहे. कागदावर मात्र ३ लाख १० हजार 'आले' असं दिसतं. त्यात सोयाबीन मिसळा, अनुदानं मिसळा, आणि शेजारी ६० हजारांचा दाखला ठेवा. वाचणाऱ्याला वाटणार, हे लोक काहीतरी लपवतायत.

तसंच झालं. विद्यापीठाचा मेल आला की या जमा रकमांचा स्रोत सांगा आणि उत्पन्नाच्या दाखल्याशी मेळ दाखवा. मुदत थोडी. मला वाटलं संपलं. अण्णांना वाटलं आपल्याला चोर म्हणाले. ते दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत, जणू मेल मीच लिहिला होता.

सोयाबीनच्या रकमेचंही तेच. ते १ लाख २० हजार उत्पन्न नाहीत, ती विक्री आहे. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी सगळं रोखीत गेलेलं, बँकेत त्याचा मागमूस नाही. येताना दिसतं, जाताना दिसत नाही. नोकरदाराच्या घरी याच्या उलट असतं, आणि हे सगळे फॉर्म नोकरदाराचं घर डोळ्यांपुढं ठेवून बनवलेत.

सुटका केली ती गावाला पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या गटसचिवांनी. ते आमच्या नात्याचे ना गोत्याचे. पैसे घेणाऱ्या कुठल्याही मार्गदर्शकाला जे सुचलं नसतं ते त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितलं. बचत खात्याचं नाही, कर्जखात्याचा उतारा वेगळा काढा. त्यात जुनं कर्ज कोणत्या तारखेला भरलं, नवं कोणत्या तारखेला उचललं, ते स्वच्छ दिसतं. त्या तारखा बचत खात्याच्या तारखांशी जुळवा. आडत दुकानातून पट्टीची दुसरी प्रत आणा, तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं असतं. आणि एका कागदावर तारखेनुसार लिहून काढा की ही रक्कम कर्जाची, ही विक्रीची, ही सरकारी, आणि विक्रीतून खर्च वजा जाता हातात राहिले एवढे. हातउसन्याची पावती नसते, तर नाही म्हणून लिहा. मी तसंच लिहिलं: अमुक दिवसांसाठी उसने घेतले, कागद नाही, परत केल्याची रोख काढलेली नोंद अमुक तारखेला. शेवटी हातात राहिलेला आकडा दाखल्यापेक्षा जास्तच निघाला. तो तसाच ठेवला आणि दाखला कशासाठी, कसा निघतो हेही दोन ओळींत लिहिलं.

मग विद्यापीठाचा फोन आला, अण्णांना, हिंदीतून. अण्णा ओट्यावर बसून अर्धा तास त्यांना पीककर्ज समजावत होते. बहुतेक अण्णांना आयुष्यात कुणी इतकं शांतपणे विचारलंच नव्हतं.

तुम्हाला गावातले शहाणे सल्ला देतील, "ते खातं दाखवूच नका." चुकूनही ऐकू नका. फॉर्मच्या खाली सही करतो तेव्हा माहिती खोटी निघाल्यास सवलत आणि प्रवेश रद्द होईल हे आपण मान्य केलेलं असतं. दुसऱ्या वर्षाला उघडकीस आलं तर परत येऊन करणार काय? प्राप्तिकराचं विवरण नसेल तरी घाबरू नका, शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, तेवढं लिहायचं. त्यांनी मागितल्याशिवाय ५०० च्या बॉण्डवर प्रतिज्ञापत्र करत बसू नका. सेतूवाला करायलाच लावेल, तो त्याचा धंदा आहे.

अमेरिकेचं मला फार माहीत नाही, कारण मी तिकडं अर्ज केला नाही. पण माझ्या रूममेटने भरलेला सीएसएस प्रोफाइल, म्हणजे तिकडच्या कॉलेजांचा आर्थिक मदतीचा फॉर्म, मी पाहिलाय, तिथंही घरची मिळकत आणि मालमत्ता अशीच उकरतात. अॅमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांची ऐपत न बघता निवड करतात. बाकी बहुतेक ठिकाणी तुम्ही किती मदत मागताय याचा निवडीवर परिणाम होतो. तिकडं जायचं असेल तर हा हिशेबाचा कागद अकरावीतच तयार करा.

पूर्ण सवलत असा शब्द दिसला तर आत काय येतं ते वाचा. ट्यूशन फी वेगळी, वसतिगृह वेगळं, मेस वेगळी. मला ट्यूशन माफ झाली, राहण्या-जेवणाचं अर्धंच मिळालं. उरलेल्यासाठी कर्ज काढलं. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही. त्याच्या वर बहुतेकदा तारण मागतात, आणि शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत. म्हणजे सात एकर असून बँकेच्या लेखी आपल्याकडे काही नाही, आणि सवलत देणाऱ्यांच्या लेखी आपण जमीनदार. हसू नका, हे मला एका फोनवर खरंच ऐकवलंय.

घरून विरोध होणार. मुलींना तर जास्तच, कारण २०२४ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची फी माफ आहे. "इथं फुकट इंजिनीअर होतीस, तिथं कर्ज काढून बीए व्हायलीस" हे मामा अजूनही म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. पहिलं सेमिस्टर मला झेपत नव्हतं. आठवड्याला इतकं वाचायला द्यायचे की मी जेवणाच्या रांगेत उभी राहून वाचायचे, आणि वर्गात मात्र तोंड उघडायची नाही. पुढच्या सेमिस्टरला उघडलं. तुम्हालाही वेळ लागेल, लागू द्या. पण ज्यांना फक्त नीटमधून सुटका हवीय त्यांनी येऊ नये, हे मी तोंडावर सांगते.

सवलत दरवर्षी नव्याने तपासतात. म्हणजे पुन्हा स्टेटमेंट, पुन्हा मार्च. यंदा मी अण्णांना आधीच फोन करून सांगितलं की नवं-जुनं करताना पैसे कुणाकडून घेतले ते त्याच दिवशी पासबुकाच्या मागं लिहून ठेवा. ते म्हणाले, "आधी कुणी देतंय का बघू दे बाई, मग लिव्हतो."