पीएचडीच्या मधोमध एफ-१ चं स्टॅम्पिंग

पीएचडीचं पाचवं वर्ष संपता संपता माझ्या पासपोर्टमधला अमेरिकेचा व्हिसा संपला. लॅबमधला नवा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, मग तू आता इथं बेकायदा राहतेस का?" हसू आलं, पण पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

व्हिसा म्हणजे पासपोर्टला चिकटवलेला तो कागद. त्याचं काम अमेरिकेच्या विमानतळावर प्रवेश मागण्यापुरतं. एकदा आत आलात की तुमचा मुक्काम ठरतो तो एफ-१ स्टेटसवर, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवानगीवर, आणि ते टिकतं आय-२० (विद्यापीठानं दिलेला, शिक्षणाची मुदत सांगणारा कागद) चालू असण्यावर, पूर्णवेळ नोंदणीवर आणि परवानगीशिवाय नोकरी न करण्यावर. तुमचं आय-९४, म्हणजे प्रवेशाची सरकारी नोंद, उघडून बघा. तारखेच्या जागी 'डी/एस' असेल, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर. (हे बदलून ठरावीक मुदत द्यायचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये आला, म्हणून तुमच्या आय-९४ वर काय छापलंय ते स्वतः वाचा.) व्हिसा संपला तरी आत बसून अभ्यास करायला हरकत नाही. अमेरिकेत राहून तो नवा करून मिळतही नाही. देशाबाहेर गेलात की परतण्यासाठी नवा लागतो, आणि तो बाहेरच्याच वकिलातीत काढावा लागतो.

म्हणून डोळ्यांत तेल घालून जपायची ती आय-२० वरची शेवटची तारीख. पीएचडीचं आय-२० बहुतेकदा पाच वर्षांचं असतं आणि पीएचडी काही पाच वर्षांत उरकत नाही. मुदतवाढ ती तारीख उलटायच्या आत घ्यायची. उलटली की स्टेटस गेलं, मग ते परत मिळवायचा अर्ज, महिने आणि मनस्ताप. डीएसओला, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, कारण लागतं ते अभ्यासाशी किंवा आजारपणाशी निगडित. प्रयोग फसला, विषय बदलावा लागला, उपकरण बंद पडलं, हे चालतं. नापास होऊन प्रोबेशनवर गेलात आणि त्यामुळे उशीर झाला, हे चालत नाही. अ‍ॅडव्हायझरकडून पत्र घ्यायचं तर महिनाभर आधीपासून मागे लागा. माझ्या सरांनी ते तिसऱ्या आठवणीनंतर, तेही विमानतळावरून फोनवर टाइप करून पाठवलं.

आता स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेणं. कधी करावं? माझं मत: घरी जायचंच असेल आणि परतण्यात चार-सहा आठवड्यांची ढील असेल तेव्हाच. लग्नाला आठवडाभर जाऊन येऊ, जमलं तर स्टॅम्पिंगही उरकू, असा बेत करू नका. पूर्वी नूतनीकरणाला ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद जमा करायची, सोय होती. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी ती गेली, मुलाखत द्यावीच लागते. त्याच महिन्यात असंही सांगण्यात आलं की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशातच करावा. म्हणजे वाटेत कुठल्या तरी तिसऱ्या देशात स्लॉट (मुलाखतीची वेळ) पकडायची जुनी युक्तीही बाद. आपल्यासाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता नाहीतर हैदराबाद.

एक पळवाट कायद्यातच आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन येणार असाल तर संपलेल्या व्हिसावरही परत येता येतं. आय-२० वर डीएसओची प्रवासासाठीची सही ताजी हवी आणि आय-९४ चालू. मात्र तिथे नवा व्हिसा मागायला गेलात की ही सवलत गेलीच समजा. मी कॅनडाच्या परिषदेला अशीच जाऊन आले. कॅनडाचा व्हिसा मात्र वेगळा काढावा लागतोच, हे माझा एक मित्र तिकीट काढून झाल्यावर शिकला.

निघण्यापूर्वी आय-२० चं दुसरं पान उघडा. खाली प्रवासासाठीच्या सह्यांच्या ओळी आहेत. शेवटची सही परतायच्या दिवशी वर्षाहून जुनी नको. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर पुन्हा भरायचे नाहीत, सेव्हिस क्रमांक तोच असेल तर. जुनी पावती मात्र काढून ठेवा. व्हिसाची फी १८५ डॉलर, ती नव्याने. विद्यापीठ बदललं असेल तरी जुना व्हिसा त्याच्या तारखेपर्यंत चालतो, फक्त आय-२० नव्या विद्यापीठाचं हवं.

डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरताना मी काय घोळ घातला ते ऐका. पूर्ण फॉर्म भरला, पाठवला, स्लॉट घेतला. मग लक्षात आलं की पासपोर्ट क्रमांकात एक आकडा चुकलाय. शहाणपणा करून नवा फॉर्म भरला, त्याचं पान छापलं आणि निवांत झोपले. बायोमेट्रिकच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, बारकोडखालच्या 'एए'ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर पेन टेकवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे दोन वेगळे आहेत." अपॉइंटमेंट जुन्या फॉर्मवर, हातात नवा फॉर्म. त्या दिवशी परत. नव्या तारखेत अकरा दिवस गेले. तेव्हा फॉर्म बदललात तर अपॉइंटमेंटच्या खात्यातला क्रमांकही त्याच बैठकीत बदला. आणि भरताना मधेमधे सेव्ह करा, वीस मिनिटं हात लावला नाही की साइट बाहेर काढते. गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची सगळी खाती लिहायची असतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मला आवडलं नाही, पण ठेवली.

मुलाखत तीन मिनिटांची. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "काय संशोधन करता?" मी प्रबंधाचं शीर्षक ऐकवलं. तो थांबला. "सोप्या भाषेत?" "बॅटरीतलं द्रव्य लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात काय मिसळावं, ते बघते." त्यानं टाइप केलं, मग अजून बरंच टाइप केलं, आणि २२१(जी) चा कागद सरकवला.

म्हणजे अजून कागद किंवा तपासणी बाकी: हा कायमचा नकार नाही, पण होकारही नाही. रसायन, अणू, विमानविद्या, सेमीकंडक्टर असल्या विषयांत हे होतं. माझ्याकडून मागितलं ते असं: माझा आणि अ‍ॅडव्हायझरचा सीव्ही, प्रसिद्ध लेखांची यादी, संशोधनाचं पानभर वर्णन, पैसे कोण देतं त्याचं पत्र. हे सगळं आधीच तयार करून फोल्डरमध्ये ठेवा. मी ठेवलं नव्हतं, त्यात चार दिवस गेले. वर्णन लिहिताना भारी शब्द टाळा, संशोधनाचा रोजच्या वापरात काय उपयोग ते आधी लिहा.

पुढे पाच आठवडे वाट. रोज सकाळी चहाआधी स्टेटसचं पान, रोज तेच 'रिफ्यूज्ड'. तो शब्द बघून आईनं दोनदा देव पाण्यात ठेवले. प्रक्रिया चालू असतानाही तिथे तोच शब्द दिसतो हे तिला पटवता पटवता नाकी नऊ आले. या काळात डीएसओला आणि विभागाला लगेच कळवा. टीएशिपचा (सहाय्यक म्हणून शिकवायचा) तास कोण घेणार, परदेशात बसून पगार मिळणार का, हे आधीच विचारून ठेवा. अनेक विद्यापीठं नाही म्हणतात. आणि एक मर्यादा लक्षात असू द्या: पाच महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात तर जुन्या आय-२० वर सहसा परतता येत नाही.

पासपोर्ट हाती आला की पाकीट तिथेच उघडा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, खाली छापलेला सेव्हिस क्रमांक, सगळं आय-२० शी ताडून बघा. आय-२० विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. आत शिरल्यावर दोन-तीन दिवसांत आय-९४ पुन्हा काढा. माझ्या मैत्रिणीच्या आय-९४ वर चुकून तारीख पडली होती, ती दुरुस्त करून घ्यायला तिला विमानतळावरच्या कार्यालयात दोन चकरा माराव्या लागल्या.