बफरमध्ये ‘नागपूर’ बसवताना

पोट्टेहो, सी भाषेत स्ट्रिंग (मजकूर) बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागेत, कॉपी करण्याआधी अक्षरं नाही, बाइट मोजा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ‘नागपूर’ला १८ बाइट लागतात (काना, उकारही ३-३ खातात), वर मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य बाइट. म्हणजे बफर किमान १९ चा. कॉपी करणारी स्ट्रकॉपी (strcpy) जागा बघतच नाही, लिहीत सुटते. स्ट्रएनकॉपी (strncpy) तर नागपूरच्या बर्डीवरच्या माझ्या क्लासात बंदच आहे. मजकूर दिलेल्या आकाराइतका किंवा मोठा असला की शेवटचा शून्य गाळते. त्यापेक्षा एसएनप्रिंटएफ (snprintf) बरं: बफर, त्याचा आकार, ‘टक्का-एस’ (%s, म्हणजे ‘इथे मजकूर’) आणि मग मजकूर. परतलेला आकडा बफरच्या आकाराइतका किंवा मोठा असला, तर मजकूर कापला गेला. १८ च्या बफरमध्ये ‘नागपू’ आणि ‘र’चे दोन तुटके बाइट उरतात, ते छाटा. एकाच बफरमध्ये मजकूर सरकवायचा असल्यास जुनी-नवी जागा एकमेकींवर येते, म्हणून मेमकॉपी (memcpy) नको, मेममूव्ह (memmove) घ्या.